कोयता, उचल आणि बाप

जायकवाडीच्या डाव्या कालव्याने जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांचे नशीब पालटले, असे म्हणायची पद्धत आहे. ते निम्मेच खरे आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले आणि २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा गोदावरीच्या उत्तर अंगाने परभणीकडे निघाला. कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना. आज शहागडच्या आसपास हिवाळ्यात उसाने भरलेले ट्रॅक्टर मोजत बसावे इतके दिसतात. आणि तरीही दसरा उलटला की याच तालुक्यांतल्या कोरडवाहू गावांतली माणसे ताडपत्र्या, भांडीकुंडी, पिठाचे डबे, कोंबड्या आणि तान्ही पोरे ट्रॉलीत भरतात आणि शहागडला गोदावरीचा पूल ओलांडून दुसऱ्या जिल्ह्यातला, कधी दुसऱ्या राज्यातला ऊस तोडायला जातात.

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या शहागडचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, जवळच्या अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे. कॅमेरे आले, पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. पुलावरून होणारी ऊसतोड्यांची ये-जा मात्र त्याआधीही कित्येक वर्षे चालू होती, आणि तिच्यासाठी कधी कॅमेरा लागला नाही.

एक गंमत इथे नोंदवायला हरकत नाही. समर्थ रामदासांचे जांब हे गाव घनसावंगी तालुक्यातले. 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या या संन्याशाच्या मुलखात 'समर्थ' नावाचा कारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्यालाच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्याला ऊस तोडायला लागते ती लग्न झालेली जोडी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कुटुंबाची मोजणी इथपर्यंतच होते. जोडीबरोबर ट्रॉलीतून आलेल्या तीन पोरांसाठी त्या वहीत रकाना नाही. पुढे सरकारी धोरणांनीही बरीच वर्षे हीच वही गिरवली.

या व्यवस्थेची सुरुवात मराठवाड्यात झाली नाही. अहमदनगर जिल्ह्यात हरेगावला खाजगी कारखाना स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीपासून होता. १९४८ मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखान्याची नोंदणी केली, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० च्या हंगामात गाळप सुरू झाले. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. उसाची एक अडचण आहे. तोडल्यावर तो लवकर गव्हाणीत पडला नाही तर वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा पडतो. म्हणजे तोडणारा माणूस फडाच्या उशालाच राहायला हवा, रात्री-अपरात्री हाकेला हजर हवा आणि हंगाम संपेपर्यंत हलता कामा नये. बागायती गावातला मजूर या अटींवर मिळत नव्हता. मग कारखान्यांनी पर्जन्यछायेतल्या मुलखाकडे पाहिले. पाथर्डी, आष्टी, पाटोदा, केज, आणि पुढे गेवराई, अंबड, घनसावंगी. गुजरातेत बारडोलीकडे खानदेशातले मजूर जात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास करून ठेवला आहे. पाण्याखालची जमीन आणि त्या जमिनीसाठी राबायला आलेला कोरडवाहू मुलखातला बाप, ही जोडगोळी दोन्हीकडे सारखीच.

मग १९७२ चा दुष्काळ आला. तो पाहिलेल्या पिढीच्या बोलण्यात आजही मिलो आणि सुकडी येते आणि खडी फोडण्याची कामे येतात. या दुष्काळाने लाखोंना घराबाहेर काढले हे खरेच, पण त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने एक असा कायदा केला ज्याला कोणी कुटुंब धोरण म्हटले नाही आणि जो प्रत्यक्षात तेच होता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि तेही शक्यतो आपल्याच पंचायत समितीच्या हद्दीत. पैसा कुठून आला? १९७५ पासून शहरांतल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. म्हणजे मुंबईतला कारकून दरमहा काही रुपये देत होता आणि त्यामुळे अंबडकडच्या एखाद्या गावातला बाप पाझर तलावाच्या कामावरून संध्याकाळी घरी येऊन पोरांबरोबर जेवू शकत होता. देशाने २००५ मध्ये हाच विचार मनरेगाच्या रूपाने उचलला. त्यात तर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले कामावर असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, अशी तरतूदही होती.

असे असताना ट्रॉली का भरल्या जातात? उत्तर उचलीत, म्हणजे मुकादमाने आगाऊ दिलेल्या रकमेत आहे.

रोजगार हमीचा पगार आठवड्याचा, मस्टर निघेल तेव्हाचा, आणि बऱ्याचदा महिना-दोन महिने रखडलेला. मुकादमाची उचल मात्र हंगामाआधी, रोख आणि एकरकमी. पोरीचे लग्न, म्हाताऱ्याचे ऑपरेशन, पडकी भिंत, सावकाराचे देणे, यांतले काहीही आठवड्याच्या पगारावर भागत नाही. गावात बापाची पत टिकते ती एकरकमी पैशावर. जो कायदा रोज मजुरी देतो तो या माणसाची भूक भागवतो, पण लग्न उभे करून देत नाही. पागेंच्या योजनेची ही मर्यादा कोणी फारशी बोलून दाखवत नाही.

उचलीचा हिशोब एकदा मांडून पाहावा. एका जोडीने दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडला असे धरू. २०२४ च्या जानेवारीपर्यंत तोडणीचा दर टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिवसाचे साडेपाचशे. एक लाखाची उचल घेतलेल्या जोडीला ती नुसती फेडायला सहा महिने लागणार, आणि हंगाम तर पाच महिन्यांच्या पुढे क्वचित जातो. त्या जानेवारीत पुण्यात तडजोड होऊन दरात ३४ टक्के वाढ मिळाली. तरी तेच कर्ज फिटायला साडेचार महिने लागतात, आणि यात खाण्याचा खर्च धरलेला नाही. तो वाढ्यांवर, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे चारा म्हणून विकून, कसाबसा भागतो. एखाद्या दिवशी कामावर आले नाही तर तो खाडा. त्याचा दंड उचलीच्या खात्यात चढतो. पोराला ताप आला म्हणून बाप फडात गेला नाही, तरी तो खाडाच. हिशोब फिटला नाही तर बाकी पुढच्या हंगामावर, आणि पुढच्या हंगामाला बाप पुन्हा त्याच मुकादमाच्या ट्रॉलीत.

फडातला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. खोपी म्हणजे बांबूच्या तट्ट्या, वर ताडपत्री, आत कमरेतून वाकूनच जाता येते. चुलीवर दोन वेळच्या भाकरी एकदमच थापल्या जातात. अंधारात टोळी निघते. गडी कोयत्याने ऊस बुडख्यातून तोडत पुढे सरकतो, बाई मागून पाचट काढते, मोळ्या बांधते. मग दोघे डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढतात. तान्हे पोर साडीच्या झोळीत, नाहीतर बांधावर चादरीवर. दोन वर्षांच्या पोराला सात वर्षांची बहीण सांभाळते, म्हणून ती शाळेत नसते. टोळी बैलगाडीची असेल तर गडी भरलेली गाडी घेऊन कारखान्याच्या यार्डात जातो आणि नंबर लागेपर्यंत तिथेच, कधी अख्खी रात्र, बैलांशेजारी पडून राहतो. बायको-पोरे खोपीत एकटी. हंगामभर बाप पोरांच्या बरोबर राहतो, त्यांच्याशी बोलायला मात्र त्याच्याकडे वेळ उरत नाही.

कायद्याने या माणसाला फारसे ओळखलेच नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे होते. पण ऊसतोड्या कारखान्याचा कामगार कागदावर नाहीच. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा जोडीशी, तोही अनेकदा तोंडी. १९६१ चा प्रसूती लाभाचा कायदा याच साखळीत हरवला. १९७९ मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा आला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता. अंबडहून बेळगावकडे गेलेली टोळी त्यात कशीबशी बसायची. कोल्हापूरला किंवा बारामतीकडे गेलेली बसायची नाही, कारण तिने राज्याची सीमा ओलांडलेली नसे.

संघटना झाल्या, संपही झाले. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते या प्रश्नावर उभे राहिले. साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात लवाद बसण्याची प्रथा पडली. २०२० च्या ऑक्टोबरात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने १४ टक्के वाढ दिली. या सगळ्या वाटाघाटी टनाच्या दराभोवती आणि मुकादमाच्या कमिशनभोवती फिरल्या. त्यात चूक काही नव्हते, दर हाच जीव होता. पण पोरे कुठे राहतील, बाळंतपण कोण करील, हे प्रश्न त्या टेबलावर दराइतक्या जोराने कधी आपटले गेले नाहीत.

दिल्लीत आणि मुंबईत याच काळात बापाविषयी काही निर्णय होत होते, ते मात्र वेगळ्या बापांसाठी. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. पुरुषांना ती द्यायची तर बायको हयात नसावी किंवा अंथरुणाला खिळलेली असावी, अशी अट. म्हणजे आई असेपर्यंत बापाने घरी थांबायचे कारण शासनाला दिसत नाही. हा निर्णय काढणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले असेल असे नाही, कारण समाजाचाही तोच समज आहे.

या समजाला धक्का देणारा एक प्रयत्न मराठवाड्यातूनच झाला. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खाजगी विधेयक मांडले. १५ दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय, आणि विशेष म्हणजे असंघटित क्षेत्रातल्या बापांचाही त्यात समावेश. पुढच्या वर्षी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क मागणारे विधेयक आणले. दोन्ही विधेयकांची बातमी झाली, थोडी थट्टाही झाली. १९७० नंतर आपल्या संसदेत एकही खाजगी विधेयक कायदा झालेले नाही, त्यामुळे त्यांचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. सातव २०२१ च्या मे महिन्यात कोरोनानंतरच्या आजारात गेले. त्यांच्या जिल्ह्यातूनही टोळ्या जातात. विधेयक लिहिताना त्या डोळ्यांपुढे होत्या की नाही, हे सांगता येत नाही. पण असंघटित बापाला रजेच्या कायद्यात जागा द्यावी, हे एका मराठवाड्याच्या खासदाराला सुचले याची नोंद राहायला हवी.

मुलांच्या बाबतीत शासन थोडे आधी जागे झाले. कारखान्याच्या तळावर साखरशाळा निघाल्या. औरंगाबादच्या 'जनार्थ'सारख्या संस्थांनी त्या बरीच वर्षे चालवल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि धोरण बदलले. मुलांनी तळावरच्या तात्पुरत्या शाळेत न बसता जवळच्या नेहमीच्या शाळेत जावे, किंवा गावातच राहावे. गावात राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना चालली. नाव वसतिगृह, पण अनेक ठिकाणी त्याचा अर्थ असा की पोरगे आजीकडे झोपते आणि शाळा त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करते. कल्पना चांगली आहे. तिचा घोटाळा तारखेत आहे. टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि वसतिगृहाची मंजुरी, सर्वेक्षण, निधी हे सोपस्कार कित्येकदा नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत रेंगाळतात. तोवर आजीच्या भरवशावर न सोडलेले पोर ट्रॉलीत बसून निघून गेलेले असते.

मुलीचा प्रश्न याहून अवघड. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हंगामभर म्हाताऱ्यांपाशी ठेवायची बापाला भीती वाटते आणि उघड्या खोपीत न्यायची त्याहून जास्त. मग तो तिसरा मार्ग काढतो आणि तिचे लग्न लावतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. जालन्यात ते ३५ आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के. कारण एकटा ऊस नाही, पण ऊस त्यात आहे. मुलाकडच्या बाजूने हिशोब उलटा चालतो. लग्न झाले की अर्धा कोयता पूर्ण होतो आणि उचल दुप्पट मिळते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात बापाला शिक्षा आहे. ज्या भीतीपोटी तो हे करतो त्या भीतीवर त्या कायद्यात काही इलाज नाही.

२०१९ मध्ये बीडच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा टाळायचा, पाळीतले दिवस वाचवायचे, दवाखान्याने घातलेली कॅन्सरची भीती, कारणे अनेक सांगितली गेली. चर्चा बायकांच्या शरीरावर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या दवाखान्यात बरोबर गेलेला नवराही त्याच उचलीत अडकलेला होता, हे बहुतेक बातम्यांत आले नाही.

मग कोरोना आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ३८ कारखान्यांच्या तळांवर सव्वा लाखाहून अधिक मजूर अडकले होते. १७ एप्रिलला शासनाने तपासणी करून त्यांना गावी सोडायचा निर्णय घेतला. या लोकांची नोंद कुठल्याच खात्याकडे धड नाही, हे त्या तीन आठवड्यांत सर्वांना उघड दिसले. त्यानंतर हालचाल झाली हे मान्य करायला हवे. आधी नुसते घोषित होऊन पडलेले गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ चालू झाले. टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तितकेच शासनाने द्यायचे ठरले. १० कोटी टन गाळप धरले तर एका बाजूचे १०० कोटी होतात, रक्कम लहान नाही. २०२१ च्या जूनमध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेचा निर्णय निघाला. ४१ तालुके, प्रत्येकात मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जागा. पहिल्या टप्प्यातल्या दहा तालुक्यांत बीडचे सहा, नगरचे पाथर्डी आणि जामखेड, आणि जालन्याचे दोन होते, घनसावंगी आणि अंबड. शहागड अंबड तालुक्यातले. इमारती नव्हत्या, म्हणून भाड्याच्या जागांत सुरुवात झाली.

योग असा की त्यानंतरचाच २०२१-२२ चा हंगाम महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत लांबलेल्या हंगामांपैकी एक ठरला. ऊस अफाट, सुमारे २०० कारखाने चालू, साखर १३७ लाख टन, आणि तरी जालना-बीडच्या फडांत मे महिन्यात ऊस उभाच. शेतकरी तोडणीसाठी मुकादमांच्या विनवण्या करत होते. पट्टा पडायला, म्हणजे गाळप थांबायला, जून उजाडला. एरवी उन्हाळ्यात गावी असणारे बाप त्या वर्षी शाळेची घंटा वाजायच्या सुमारास परतले. उलट २०२४-२५ चा हंगाम आखूड निघाला. माणसे लवकर घरी आली, पण उचल फिटली नाही. हंगाम लांबला काय आणि आटोपला काय, तोटा ट्रॉलीतल्या घरालाच.

या साठ-सत्तर वर्षांत शासनाने मूल पाहिले, आई पाहिली आणि अलीकडे मजूरही पाहिला. तिघे एकाच खोपीत राहतात, त्या खोपीतला चौथा माणूस उचलीच्या कागदावर अंगठा देऊन आलेला आहे आणि घरातला प्रत्येक निर्णय त्या अंगठ्यापाशी अडतो, हे धोरणात कुठेच एकत्र आलेले नाही. मुलांची वसतिगृहे शिक्षण खाते आणि समाजकल्याण यांच्यात वाटलेली, आरोग्य तिसरीकडे, दर साखर संघाकडे, उचल मुकादमाकडे. अंबड तालुक्यात मुकादम सप्टेंबरात, कधी त्याही आधी, उचल वाटतात. वसतिगृहाची यादी त्याच महिन्यात जाहीर झाली आणि दार दसऱ्याआधी उघडले, तर पोर ठेवायचे की न्यायचे हे बापाला ट्रॉली भरण्यापूर्वी ठरवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या आणि समाजकल्याण विभागाच्या कागदावरची तारीख दोन महिने मागे आणली तरी पुरते, आणि ती मागणी पुढच्या हंगामाआधी ग्रामसभेत ठराव करून करता येण्यासारखी आहे.